निरंक

"बाई, उजवा खांदा खाली आहे तुमचा. पाव इंच. थोडा जास्तच."

मी खिडकीतून मान वर केली. समोरच्या बाकावरची बाई बोलली होती. लिंबू रंगाची सुती साडी, निऱ्या पट्टीने आखल्यासारख्या, मांडीवर कापडी पिशवी. मंगळवार होता. आमच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोविकारांची ओपीडी असायची आणि तिची सगळी नोंद माझ्याकडे. त्या बाकावर बसून लोक मला बरंच काही सांगत. मागच्या जन्मी मी त्यांची सासू होते, माझ्या टेबलफॅनमधून विविधभारती लागते, वगैरे. खांद्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं.

"हा आजार कधीपासून म्हणायचा?" मी विचारलं.

"आजार कसला. रजिस्टरं रोज एकाच हाताने उचलता ना. ब्लाउज सरकतो म्हणून सारख्या ओढत असता. मघापासून अकरा वेळा. शिंप्याने दोन्ही खांदे एका मापाने बेतलेत. असा माणूस कुठं असतो? तुमच्यासारखं कापड बेतायचं, बस्स."

"तुम्ही शिवता?"

"शिकवते. आयटीआयमध्ये, शिवण-कर्तन. मुलींची बॅच." तिने केसपेपर खिडकीतून आत सरकवला. त्यावर लिहिलं होतं: चंद्रकांत बाबूराव माळवदे, वय तेहेतीस, पुरुष.

मी कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत कागदाकडे.

"नाही ना बसत?" ती म्हणाली. "म्हणून तर आलेय. चंद्रकला माझं नाव."

माणूस अर्ज कसा भरतो यावरून मी त्याची पारख करते. काही जण "हे आवश्यक आहे का" म्हणत प्रत्येक रकान्याशी भांडतात, काही जण वडिलांच्या नावाशी थबकतात. चंद्रकलेने प्रमाणपत्राचा सगळा अर्ज एका सपाट्यात, सुरेख अक्षरात भरला होता. फक्त लिंगाच्या रकान्याशी पेन टेकवून ठेवल्याचा एक जाड ठिपका होता.

तिचं काम साधं होतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं, आणि सुरुवातीला मलाही. आठ वर्षं ती तालुक्याच्या आयटीआयमध्ये पँट-शर्ट घालून ब्लाउज शिवायला शिकवत होती. वडील वारल्यावर एक दिवस ती प्राचार्यांसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. प्राचार्य काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "सरकारी डॉक्टरचा कागद आणा, सेवापुस्तकात नाव बदलतो. मग साडी नेसून या, माझं काही म्हणणं नाही. मुली नाहीतरी तुमच्यावर खूश आहेत." तो कागद मिळेपर्यंत ती रजेवर होती. तिला बाकी काही नको होतं. त्याच वर्गात, त्याच मुलींसमोर, स्वतःच्या नावाने उभं राहायचं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर सातपुते बसायचे. त्यांनी केसपेपर वाचला आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "चंद्रकला. आणि नंबर कुठला, तर चौसष्ट. शेवडेबाई, चौसष्ट कलांमधली ही कितवी म्हणायची?"

मी हसले. तेही इथे लिहायला हवं.

चौसष्ट हा यादीतला नंबर होता. आजारांच्या यादीत जसा मलेरियाला नंबर असतो, तसा चंद्रकलेसारख्या माणसांनाही होता आणि तो मनाच्या आजारांत होता. शिवाय आमच्या कपाटात वरून आलेलं परिपत्रक होतं: अशी व्यक्ती आल्यास रकाना सातमध्ये सदर क्रमांक नमूद करावा. ते मीच पंच करून फाईलला लावलं होतं.

तिसऱ्या मंगळवारी डॉक्टर अहिरराव यांनी मला आत बोलावलं. ते नवीन होते, मुंबईला शिकलेले. मराठी अर्ज समोर आला की त्यांना घाम फुटायचा. चंद्रकला समोरच्या खुर्चीत बसून खिडकीच्या पडद्याची टीप निरखत होती.

"शेवडेबाई, 'निल'ला आपल्याकडे काय लिहितात?"

"कुठल्या रकान्यात, सर?"

"सातव्या. आजाराचे नाव."

"निरंक," मी म्हटलं. "पण सातव्यात निरंक चालत नाही."

"का चालत नाही? आजार नाहीये हिला. तीनदा तासतासभर बोललोय मी. माझ्यापेक्षा शांत झोपते."

"सर, आजारच नसेल तर आपण प्रमाणपत्र कशाचं देतोय, असं वर विचारतात."

"विचारू देत ना." त्यांनी माझ्याकडून स्पेलिंग विचारून घेतल्यासारखं एकेक अक्षर काढलं. नि-रं-क. पेन असं दाबून की खालच्या कागदावर उमटावं. खाली सही ठोकली आणि बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवसांच्या रजेवर गेले.

अर्जावर दुसरी सही अधीक्षकांची लागायची. कोठावळेसाहेब अर्ज वाचत नसत, फक्त रकाना सात बघत. तिथे नंबर असला की सही, नसला की लाल शेरा आणि परत. असे दोन अर्ज मी परत आलेले पाहिले होते. त्यांतला एक माणूस चार वर्षं फेऱ्या मारून शेवटी यायचाच बंद झाला.

माझ्या हातून गेलेली फाईल परत येत नाही, असं आमच्या ऑफिसात म्हणायचे. मला ते आवडायचं.

मी दुपारी डबा खाल्ल्यावर ड्रॉवरमधून अर्धं ब्लेड काढलं आणि 'निरंक' हळूहळू खरवडला. नखाने कागद गुळगुळीत केला. वर डॉक्टरांच्याच शाईने चौसष्ट लिहिलं. कचेरीचा नियम असा की खाडाखोड केली, तर शेजारी लघुस्वाक्षरी करायची, म्हणजे कोणी बदललं ते कळतं. तीस-पस्तीस वर्षांत मी तो नियम एकदाच मोडला. साहेबांनी संध्याकाळपर्यंत सही केली.

शुक्रवारी चंद्रकला कागद न्यायला आली. खिडकीशी उभं राहून तिने तो शांतपणे वाचला.

"बाई, हे चौसष्ट काय?"

"काही नाही. नुसता आकडा आहे. फाईल पुढे सरकायला लागतो."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तेव्हा मला वाटलं, पुन्हा खांदा बघतेय.

"तुम्ही म्हणता तर ठीक," ती म्हणाली. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून खिडकीतून आत दिलं. "माप घेतलेलं नाही. पण बसेल."

मोरपिशी ब्लाउज होता. घरी जाऊन घातला. त्या दिवशी मला प्रथमच कळलं, की आजवरचे सगळे ब्लाउज मी सहन करत आले होते.

दीड महिन्याने ती परत आली. या वेळी पँट-शर्टमध्ये, केस मागे घट्ट बांधलेले, बरोबर थोरला भाऊ दशरथ. हातात आयटीआयचं पत्र. प्राचार्यांनी कागद जिल्ह्याला पाठवला होता. तिथल्या कोणीतरी यादी काढून चौसष्ट बघितलं आणि उत्तर आलं: सदर कर्मचारी मानसिक आजाराने ग्रस्त असल्याने मुलींच्या वर्गावर ठेवता येत नाही. बरे झाल्याचे प्रमाणपत्र सादर केल्यास विचार करता येईल. अन्यथा सेवेस अपात्र.

साहेबांनी पत्र वाचलं. मी रजिस्टर घेऊन शेजारी उभी होते.

"बरं झाल्याचं हवंय ना? मग आधी भरती व्हावं लागेल," साहेब म्हणाले. "बरं होणं म्हणजे काय, ते कळतंय का तुला, चंद्रकांत?"

"कळतंय."

"साहेब, ठेवून घ्या," दशरथ म्हणाला. "घरी आई आहे. चार माणसं विचारतात. सरकारच म्हणतंय आजार आहे, तर औषध असेलच की."

चंद्रकला माझ्याकडे बघत होती. मी म्हणू शकले असते की साहेब, अहिररावांनी निरंक लिहिलं होतं, खाडाखोड माझी आहे. एवढंच वाक्य होतं. अहिररावांची तोवर दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती आणि सरकारी कागद खरवडल्याबद्दल माणूस निलंबित होतो. मी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "वॉर्ड कुठला लिहू?"

"पुरुषांचा. अजून कुठला?"

पुरुषांच्या वॉर्डात भरती झाली की केस कापायचे. तो स्वच्छतेचा नियम होता, सगळ्यांना सारखा.

वॉर्डाचा अहवाल घ्यायला मी रोज सकाळी राउंडच्या वेळी जायची, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. कोठावळेसाहेबांची एक पद्धत होती. गोळ्या कसल्या द्यायच्या ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण कान पक्का होता. ते पेशंटला बोलतं करायचे. पुरुष "गेलो" म्हणतो, बाई "गेले" म्हणते. चौसष्टचा माणूस तोंडाने काय म्हणतो, त्यावर तो बरा होतोय की नाही हे ते ठरवणार होते.

"काय चंद्रकांत, रात्री झोपलास?"

"झोप लागली, साहेब."

"जेवलास?"

"दोन चपात्या खाल्ल्या. आमटी चांगली होती."

"बागेत गेला होतास?"

"जास्वंदीला कळ्या आल्यात."

"कंटाळलास का रे?"

"कंटाळा येतो कधीकधी."

"घरी सोडल्यावर काय करशील?"

"काम करणार."

साहेब मान हलवून पुढच्या खाटेकडे गेले. पहिले काही दिवस माझ्याही लक्षात आलं नाही. एकदा जिना उतरताना तिची उत्तरं डोक्यात फिरत होती आणि मी मधल्या पायरीवर थांबले. तिने "झोपलो" म्हटलं नव्हतं. "झोपले"ही म्हटलं नव्हतं. मग मी रोज कान देऊन ऐकू लागले. आमटी चांगली असायची, कंटाळा यायचा, अंघोळ व्हायची, पुस्तक वाचून व्हायचं. झोप लागायची, जाग यायची. सगळं घडत होतं, पण ते करणारं कोणी तिथे नव्हतं. पाच आठवडे ती भाषेतून अशी चालली होती, जशी ओल्या फरशीवरून पावलं न उमटवता चालावं. खोटं एक अक्षर बोलली नाही आणि सापडलीही नाही.

हुशारी दिसली की मला गप्प बसवत नाही. हा माझा जुना दोष आहे.

"सातपुते," मी चहा पिताना म्हटलं, "त्या चंद्रकलेसारखं मराठी आपल्या ऑफिसात कोणाला येत नाही." आणि मी त्यांना सगळी गंमत सांगितली. नक्कल करून सांगितली. झोप लागली, साहेब.

सातपुते पोट धरून हसले. "अहो, ही तर खरंच चौसष्ट कला निघाली," म्हणाले. वाईट मनाने नाही, पण दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये चहाला गेले आणि तिथेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेब तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले.

"रात्री झोपलास?"

"झोप लागली, साहेब."

"असं नको. पूर्ण वाक्य म्हण. मी रात्री झोपलो. मी."

तिने आधी साहेबांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे अहवालाचा पुठ्ठा धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे. वॉर्डात तिचं बोलणं ऐकणारे बरेच होते, पण ते असं लक्ष देऊन ऐकणारं एकच माणूस होतं, हे तिला कळायला किती वेळ लागणार.

नऊ दिवस ती एक शब्द बोलली नाही. अहवालात मी नऊ दिवस लिहिलं: रुग्ण शांत. दहाव्या दिवशी सकाळी दशरथ आला होता. आईने अन्न सोडलंय म्हणाला, नोकरी जाईल म्हणाला. साहेब राउंडला आले. त्यांनी विचारायच्या आधीच खाटेवरून आवाज आला.

"मी रात्री झोपलो. मी दोन चपात्या जेवलो. मी चंद्रकांत बाबूराव माळवदे आहे. मी बरा आहे."

शाळेत पाढे म्हणतात तसा आवाज. साहेबांनी माझ्या पुठ्ठ्यावर वाकून स्वतःच्या हाताने लिहिलं: बरा.

डिस्चार्जच्या कागदांवर पेशंटची सही घ्यायचं काम माझं. दशरथ रिक्षा बघायला गेला होता. खिडकीच्या पलीकडे ती उभी होती, मी अलीकडे. कान उघडे पडले होते. पूर्वी ते केसांखाली असायचे.

"कुठं करायची?"

"इथे. पूर्ण नाव."

तिने पेन टेकवलं, थांबवलं. जाड ठिपका पडला. मग नुसतं लिहिलं: चं. मा.

"एवढ्यावर चालवून घ्या, बाई. ही दोघांची आहे."

नियमाप्रमाणे चालत नाही. मी चालवून घेतलं.

"सातव्या रकान्यात डॉक्टरांनी निरंक लिहिलं होतं," ती म्हणाली.

माझ्या हातातला शिक्का तसाच राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"समोर बसून उलटं वाचता येतं. आम्ही शिकवणारे मुलींच्या समोर उभं राहूनच वह्या बघतो."

"मग त्या शुक्रवारी बोलायचं होतं. कागद हातात होता तेव्हा."

"तुम्ही म्हणालात ना, नुसता आकडा आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला कापड कळतं. फाईल तुम्हाला कळते. मला वाटलं, बाईंना माहीत असेल."

दुसरं तिने विचारलं नाही. जिन्यावर काय कळलं आणि ते मी कोणाला सांगितलं, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. तिने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथून सवयीने मागे वळली. आपल्याकडे जाताना कोणी जातो म्हणत नाही.

"येतो, बाई," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी तालुक्याच्या बाजारात मला तो दिसला. मी "तो" लिहिते, कारण ती दिसली असं मला लिहिता येत नाही. बारीक केस, राखाडी शर्ट, कापडाच्या दुकानात अस्तराचं माप घेत उभा. आयटीआयने परत घेतलं होतं, पण मुलींचा वर्ग दिला नव्हता. सामानाच्या खोलीवर बसवलं होतं, असं कानावर आलं होतं. मी मुद्दाम जवळून गेले, खांद्यावरचा पदर सारखा करत. त्याने मान वर केली. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचं माप घेणारे ते डोळे माझ्यावरून, माझ्या मागच्या माणसावरून, समोरच्या भिंतीवरून सारखेच फिरले आणि परत अस्तरावर गेले.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक कागद आला. यादी बदलली होती. चौसष्ट आता मनाचा आजार नव्हता. सातपुते कधीच निवृत्त झाले होते, कोठावळेसाहेब वारले होते. विनोद करायला टेबलावर कोणी नव्हतं. मी कागद पंच केला, फाईलला लावला आणि अभिलेखाच्या खोलीत जाऊन तिचा अर्ज शोधून काढला. खिडकीपाशी उजेडात धरला. आकड्याखाली डॉक्टरांच्या पेनचा दाब अजून शाबूत होता. नि-रं-क. मी आकड्यावर रेघ मारली, शेजारी मूळ शब्द लिहिला आणि लघुस्वाक्षरी केली. तारीख त्या दिवसाचीच घातली, मागची नाही. त्याची सहीशिक्क्याची प्रत काढली.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच मंगळवारी मी तालुक्याला गेले. अंगात मोरपिशी ब्लाउज होता. एवढ्या वर्षांत माझं अंग वाढलं, पण शिवणीच्या आत तिने दोन्हीकडे दोन-दोन बोटं कापड सोडून ठेवलं होतं. माणूस बदलणार हे तिने आधीच धरलं होतं. मी नुसती शिवण उसवत गेले.

दार दशरथच्या बायकोने उघडलं. धुणं वाळत घालता घालता आलेली, खांद्यावर दोन चिमटे.

"चंद्र... माळवदे आहेत का?" मी विचारलं.

"कोण, भाऊजी? दोन वर्षं झाली की जाऊन. कावीळ अंगावर काढली. काही बोलायचेच नाहीत ते, दुखतंय म्हणूनसुद्धा." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण त्यांच्या?"

पिशवीत ती प्रत होती. तीत सगळं नीट लिहिलेलं होतं, शिक्क्यासकट. ती कोणाच्या हातात द्यायची होती तेवढं मात्र कुठल्या रकान्यात नव्हतं.

"गिऱ्हाईक," मी म्हटलं. "हा ब्लाउज त्यांनी शिवला होता."

ती हसली. मोकळं, साधं हसू.

"छे हो, बाई. माझ्या बघण्यात भाऊजी बायकांचं कधी शिवत नव्हते. पँटी आणि शर्ट, तेवढंच. बाईमाणसाकडं मान वर करून बघायचे नाहीत. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

मी पदर ओढून उजव्या खांद्यावर घेतला.

"हो," मी म्हटलं. "घोटाळा माझाच झालाय."

आणि वळताना, सवयीने, "येते" म्हणाले.